गळती आधी मोज, मग शोध, मग बुजव
पोहण्याच्या नव्या तलावासाठी काकाचे कानमंत्र

बाळ,

तलावातलं पाणी रोज उतरतंय आणि प्रत्येक जण वेगळं सांगतोय. कंत्राटदार म्हणतो, नवीन काम आहे, पाणी पिणारच. प्लंबर म्हणतो, टाइल उचकटा. शेजारी म्हणतात, सगळं पाणी काढा आणि आतून वॉटरप्रूफिंगचा एक कोट मारून घ्या. यातलं काहीही करण्याआधी माझं नीट ऐकून घे. माझी उमर गावोगावच्या पाण्याच्या टाक्या बांधण्यात आणि त्यांची गळती काढण्यात गेली. तुझा तलाव म्हणजे जमिनीत बसवलेली, वरून उघडी टाकीच. टाकीला जे नियम, तेच त्याला.

आमच्या थोरल्या मिस्त्रींनी आम्हाला एक क्रम शिकवला होता, तो मी पुढे अनेकांना दिला आणि आज तुला देतो. गळती आधी मोजायची, मग शोधायची आणि सगळ्यांत शेवटी बुजवायची. लोक सुरुवातच बुजवण्यापासून करतात. मग पैसा जातो, पाणी जातं आणि गळती जिथल्या तिथे राहते.

१. घाईनं तलाव रिकामा करू नकोस

भरलेल्या तलावातलं पाणी आतून भिंतींना आणि तळाला दाबून धरतं. बाहेरून माती आणि जमिनीतलं पाणी उलटा दाब देतं. आतलं पाणी काढलं की बाहेरचा दाब एकटा उरतो. जमिनीत पाणी चढलेलं असताना रिकामा तलाव होडीसारखा वर उचलला जातो. तळ फुगतो, भिंत आणि तळ यांच्या सांध्याला तडा जातो, पाइप तुटतात.

हिशेब साधा आहे. जमिनीतलं पाणी तळाच्या एक मीटर वर आलं, तर दर चौरस मीटरला १००० किलोचा रेटा खालून लागतो. तुझा तळ २० सेंटिमीटर जाडीचा आहे, त्याचं वजन दर चौरस मीटरला साधारण ५०० किलो. भिंतींचं वजन धरलं तरी बेरीज कशीबशी काठाशी येते. तुझा तलाव मुळशीकडे आहे, आणि तिकडे खाली कातळ असतो. कातळात खोदलेला खड्डा पावसात भरतो, कारण भरावातून शिरलेल्या पाण्याला निघून जायला वाट नसते. म्हणून मृग लागल्यापासून पाऊस सरेपर्यंत तलाव रिकामा ठेवायचा नाही, ही गाठ मारून ठेव.

आता वैशाख आहे, जमीन कोरडी आहे, तेव्हा गरज पडली तर काढता येईल. तरी आधी तलावाच्या उताराकडच्या बाजूला, भिंतीपासून जरा लांब, तळापेक्षा खोल असा एक खड्डा घेऊन बघ. त्यात पाणी साचत असेल तर आधी तो खड्डा पंपानं उपसत राहायचं आणि मगच तलावाला हात लावायचा.

२. नवं काँक्रीट पाणी पितं, पण त्यालाही मुदत आहे

कंत्राटदार खोटं बोलत नाही. नवं काँक्रीट, प्लास्टर, टाइलखालचा मसाला हे सगळं सुरुवातीला पाणी शोषतं. केसासारख्या बारीक भेगा ओल मिळाल्यावर आपल्या आपण बुजतात. आतलं न भिजलेलं सिमेंट पुन्हा कामाला लागतं आणि चुन्याची पांढरी रेघ भेगेत धरते. म्हणूनच पाणी साठवणाऱ्या काँक्रीटच्या बांधकामांसाठीचं भारतीय मानक, आय. एस. ३३७०, जमिनीखालच्या टाकीसाठी सांगतं की भरल्यावर ७ दिवस तिला शोषू द्या आणि त्यानंतरचे ७ दिवस दर २४ तासांनी पातळी मोजा.

तेव्हा पहिल्या आठवड्यातल्या घटीवर भांडू नकोस. पण दुसऱ्या आठवड्यातही पाणी त्याच वेगानं उतरत असेल, तर "पाणी पितं" हे उत्तर संपलं. शोषण असेल तर घट दिवसेंदिवस कमी होत जाते. गळती असेल तर ती तशीच राहते किंवा वाढते. रोजचा आकडा लिहिलेला असेल तरच हा फरक दिसतो, म्हणून एक वही कर.

३. उतरलेल्या मिलिमीटरचे लिटर कर

तुझा तलाव १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद, म्हणजे ५० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाणी उतरलं म्हणजे ५० लिटर गेले. एक सेंटिमीटर म्हणजे ५०० लिटर. बाष्पीभवन वजा जाता रोज पाच मिलिमीटरची गळती असेल तर महिन्याला साडेसात हजार लिटर, म्हणजे जवळजवळ एक मोठा टँकर जमिनीत जातो. आपल्या मावळात पावसाळ्यात धो धो पाणी आणि वैशाखात वाड्यावस्त्यांवर हंड्यांच्या रांगा, हे तू लहानपणापासून बघितलं आहेस. तेव्हा ती गळती फक्त तुझ्या खिशाची नाही.

मोजायची रीत अशी. स्किमरच्या, म्हणजे वरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या, आतल्या उभ्या भिंतीवर किंवा टाइलवर स्टीलची पट्टी पक्की चिकटव. रोज सकाळी एकाच वेळी, वारा पडलेला असताना, पाणी स्थिर असताना आकडा घे. कोणी पोहत असेल, पाऊस पडला असेल किंवा फिल्टर बॅकवॉश केला असेल तर तेही शेजारी लिही. आणि पाणी आपोआप भरणारा फ्लोट व्हॉल्व्ह असेल तर तो आधी बंद कर. तो चालू असला की तलाव कायम भरलेला दिसतो आणि गळती फक्त पाण्याच्या बिलात दिसते.

४. बादलीची परीक्षा

उन्हाळ्यात देशावर उघड्या पाण्याची वाफ होऊन दिवसाला पाच ते दहा मिलिमीटर पातळी सहज उतरते. वारा असला की जास्त. मग गळती किती आणि वाफ किती, हे कसं कळायचं? त्याला यंत्र लागत नाही, एक बादली लागते.

प्लास्टिकची बादली घे, तळात दोन-चार दगड टाक, म्हणजे ती हलणार नाही. तलावाच्या वरच्या पायरीवर ती अशी ठेव की निम्म्याहून जास्त भाग पाण्यात बुडेल. बादलीत तलावाचंच पाणी भर आणि आतली पातळी बाहेरच्या पातळीइतकीच ठेव. आता बादलीच्या आतून आणि बाहेरून पाण्याच्या रेषेवर मार्करनं खूण कर. बादली तलावातच असल्यामुळे दोन्ही पाण्यांना ऊन, वारा आणि गारवा सारखाच मिळतो.

पंप बंद ठेवून २४ तासांनी बघ. आतली आणि बाहेरची पातळी सारखीच उतरली असेल तर ती वाफ आहे; देवाला हात जोड आणि कामाला लाग. बाहेरची जास्त उतरली असेल तर जेवढा फरक तेवढी गळती. हा फरक वहीत लिही. पुढे दुरुस्ती झाल्यावर याच आकड्याशी ताडून बघायचं आहे.

५. पंप चालू, पंप बंद

आता हीच परीक्षा पंप चालू ठेवून आणखी २४ तास कर. दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की निम्मा शोध लागतो.

पंप चालू असताना जास्त पाणी जात असेल, तर फिल्टरपासून तलावाकडे येणाऱ्या, दाबाच्या लाइनमध्ये दोष आहे. पंप बंद असताना जास्त जात असेल, तर तलावाकडून पंपाकडे जाणारी खेचणारी लाइन बघ. पंप चालताना ती बाहेरून हवा ओढते आणि बंद पडला की पाणी सोडते. अशा वेळी रिटर्नच्या, म्हणजे तलावात पाणी परत येतं त्या, तोंडातून पाण्याबरोबर बुडबुडे येताना दिसतात. दोन्ही वेळा घट सारखीच असेल, तर संशय तलावाच्या अंगावर: काँक्रीट, दिवे, स्किमर आणि पाइप जिथे भिंतीतून आरपार जातात त्या जागा.

हे करतानाच पंप रूममध्ये एक चक्कर मार. बॅकवॉशचं पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपचं तोंड शोध. बॅकवॉश चालू नसताना ते तोंड कोरडं असायला हवं. तिथून सतत धार किंवा ठिबक चालू असेल तर मल्टिपोर्ट व्हॉल्व्हच्या आतलं गॅस्केट नीट बसलेलं नाही. त्यासाठी एक गॅस्केट बदलावं लागतं, आणि लोक त्याच्यासाठी अख्खा तलाव फोडतात.

६. पाणी कुठे थांबतं ते बघ

कोरड्या हंगामात, भूजल खाली असताना, पंप बंद करून पाणी आपल्या आपण उतरू दे. स्किमरच्या खाली पातळी गेली की पंप मुळीच चालवायचा नाही. कोरडा चालला की त्याचं सील जळतं. रोज पातळी लिहीत जा. एखाद्या उंचीला येऊन घट बादलीइतकीच झाली, म्हणजे गळतीची जागा त्या रेषेवर किंवा जरा वर आहे.

स्किमरच्या ओठाशी थांबलं, तर स्किमर आणि भिंत यांच्यातली फट. रिटर्नच्या उंचीवर थांबलं, तर ती फिटिंग किंवा तिची लाइन. दिव्याच्या उंचीवर थांबलं, तर दिवा. कुठेच थांबलं नाही, तर तळ, तळाचा सांधा किंवा मेन ड्रेन. मात्र हे बघण्याच्या नादात तळापर्यंत पाणी जाऊ द्यायचं नाही. कंबरभर राहिलं की थांब, पहिला मंत्र आठव.

७. संशय आला की रंग लाव

उंची कळली की नेमकी जागा रंगानं पकडता येते. इंजेक्शनची बिनसुईची पिचकारी घे, त्यात खाण्याचा गडद रंग थोड्या पाण्यात कालवून भर. पंप बंद करून पाणी अगदी शांत होऊ दे. गॉगल लावून, हात न हलवता, संशयाच्या जागेपाशी रंगाचा एक थेंब सोड. जागा चांगली असेल तर रंग ढगासारखा तिथेच तरंगत राहतो. गळत असेल तर तो बारीक दोऱ्यासारखा ताणला जाऊन फटीत ओढला जातो. एकदा बघितलंस की पुन्हा शंका राहणार नाही.

दोन सावधगिरी. पाण्यात उतरण्याआधी तलावाच्या दिव्यांची आणि पंपाची लाइन मेन बोर्डावरून बंद कर, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि पंप चालू असताना मेन ड्रेनच्या जाळीजवळ कोणीही जायचं नाही. तिथली ओढ केस आणि हात पकडून ठेवते.

दिव्याचं खास सांगतो, कारण नव्या तलावात ही जागा हमखास राहते. दिव्याच्या मागच्या डब्यातून केबलचा कंड्युट पाइप डेकखालून जंक्शन बॉक्सकडे जातो. डब्यात पाणी असतंच, ते असायलाही हवं. पण कंड्युटचं तोंड केबलभोवती बंद केलेलं नसेल, तर पाणी त्या पाइपातून चालत जातं आणि डेकखाली कुठेतरी मुरतं. पाण्याखाली चालणाऱ्या पुट्टीनं किंवा योग्य सीलंटनं ते तोंड बंद केलं की काम झालं. हे इलेक्ट्रिशियनकडूनच करून घे, आणि तलावाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आहे ना, हे त्याला विचार.

८. पाइप पुरण्याआधी तपासायचा असतो, पण पुरल्यावरही तपासता येतो

नव्या तलावाभोवतीची माती भरावाची असते. थरावर थर देऊन, पाणी मारून धुम्मस केलेला नसेल तर पहिल्या वर्षभरात ती खाली बसते. तिच्याबरोबर पाइप वाकतो आणि नेमका भिंतीला लागून असलेल्या सांध्यात तुटतो. डेकची फरशी एका बाजूला दबलेली दिसली, उताराकडच्या भागात उन्हाळ्यातही गवत हिरवं राहिलं किंवा जमीन पायाखाली मऊ लागली, तर तिकडची लाइन आधी बघ.

तपासायची रीत म्हणजे प्रेशर टेस्ट. लाइनच्या तलावाकडच्या तोंडाला रबरी प्लग, पंपाकडच्या तोंडाला हातपंप आणि गेज. पाण्यानं दाब द्यायचा, नुसत्या हवेनं नाही. हवा दाबली की प्लग गोळीसारखा उडतो. किती दाब द्यायचा ते पाइपवर छापलेल्या क्षमतेवरून प्लंबरनं ठरवायचं. काटा जागचा हलला नाही तर लाइन चांगली. एका वेळी एकच लाइन घ्यायची, म्हणजे दोष कुणाचा ते कळतं. काटा उतरला तरच, आणि त्याच लाइनवर, डेक उघडायचा.

९. काँक्रीटची गळती चार जागी बघ

पाइप आणि फिटिंग सगळ्या निर्दोष निघाल्या, तरच काँक्रीटकडे वळ. टाकी असो की तलाव, दुखणं बहुतेक या चार जागी सापडतं.

तळ आणि भिंत यांचा सांधा. तळ एका दिवशी ओतला आणि भिंत नंतर, तर मधल्या जोडात वॉटरस्टॉपची पट्टी लागते. ती घातली होती का, हे बांधकामाच्या वेळच्या फोटोंमध्ये शोध.

पाइप भिंतीतून जातो ती जागा. गुळगुळीत पीव्हीसी पाइपला काँक्रीट चिकटत नाही. तिथे पडल कॉलर लागतो, नाहीतर पाइपाच्या अंगानं पाणी सरळ बाहेर जातं.

सेंट्रिंगच्या टाय रॉडची भोकं. सेंट्रिंग काढल्यावर ती नुसत्या मसाल्यानं लिंपली असतील तर पुढे गळतात.

हनीकोंब, म्हणजे व्हायब्रेटर नीट न फिरल्यामुळे खडी मोकळी राहिलेली पोकळ जागा. टाइलवर नाण्यानं टकटक करत जा. जिथे आवाज पोकळ येतो तिथे खूण कर. पण एक लक्षात ठेव, टाइलमागे शिरलेलं पाणी दूर जाऊन बाहेर पडतं. ओल दिसते ती जागा गळतीचीच असेल, असं नाही.

भेग दिसली तर ती जिवंत आहे की मेलेली, हे आधी ठरव. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं रेघ आणि तारीख घाल. जागा कोरडी असेल तर भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी सिमेंटनं बसव. काही आठवड्यांत काच तडकली तर भेग अजून हलते आहे, म्हणजे खालची जमीन बसते आहे. तिथे वरून लिंपण्याचा काही उपयोग नाही. आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलाव.

१०. बुजवायचं ते मुळापासून

जागा पक्की झाली, आता दुरुस्ती. त्या जागेच्या आजूबाजूच्या टाइल काढ. भेग किंवा सांधा छिन्नीनं व्ही आकारात उघड, धूळ आणि सैल मसाला ब्रशनं आणि पाण्यानं काढ. वाहतं पाणी असेल तर नोझल बसवून पीयू इंजेक्शन. ते पाण्याशी मिळाल्यावर फुगतं आणि वाट अडवतं. हलत नसलेली कोरडी भेग काँक्रीटच्या ताकदीला बाधा आणत असेल तर एपॉक्सी इंजेक्शन. हनीकोंब असेल तर सिमेंटचं ग्राउटिंग. पाइपभोवतीची जागा खोल कोरून, न आकसणाऱ्या मसाल्यानं भरायची.

त्यावर पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. कोपऱ्यांना गोलाई आणि जाळीची पट्टी. कोटिंगच्या डब्यावर जेवढा वेळ लिहिला असेल तेवढा वेळ वाळू द्यायचं.

टाइल आणि ग्राउट हे वॉटरप्रूफिंग नव्हे. टाइल शोभेसाठी आणि स्वच्छतेसाठी असते. पाणी अडवायचं काम तिच्या मागच्या काँक्रीटचं आणि कोटिंगचं. म्हणून कोटिंग झाल्यावर टाइल लावण्याआधी पाणी भर आणि पुन्हा बादली ठेव. पास झालं की मगच टाइल, तीही एपॉक्सी ग्राउटनं.

११. माणसं आणि कागद सांभाळ

कंत्राटदाराशी तुटेल इतकं ताणू नकोस. तलाव कुठे काय घालून बांधला, हे त्याच्या माणसांनाच सर्वांत जास्त माहीत असतं. त्याला वही दाखव, बादली दाखव, रंगाचा दोरा त्याच्या डोळ्यांसमोर फटीत जाताना दाखव. पुरावा समोर असला की भला माणूस वाद घालत नाही.

पण करारात या चार गोष्टी असाव्यात, आणि नसतील तर दुरुस्तीच्या कामासाठी तरी लिहून घे. दोष-दुरुस्तीची मुदत किती. चाचणीचं पाणी कुणी आणायचं. डेकखालून गेलेल्या प्रत्येक लाइनचा आराखडा आणि फोटो. आणि शेवटची रक्कम कधी द्यायची. माझं म्हणणं असं की रकमेचा एक भाग, जो तुम्ही दोघांनी आधी ठरवला असेल तो, पाण्याच्या चाचणीनंतरच हातात द्यावा. त्यात कुणाचा अपमान नाही. सरकारी टाक्यांच्या कामातही अनामत रक्कम राखूनच ठेवतात.

दुरुस्ती झाली की तलाव काठोकाठ भर, सात दिवस शोषू दे, पुढचे सात दिवस रोज सकाळी पट्टीवरचा आणि बादलीतला आकडा दोघांनी मिळून घ्या आणि वहीत दोघांच्या सह्या करा. सात दिवस दोन्ही आकडे जुळले, की तलाव धरला. मग राहिलेले पैसे त्याच दिवशी देऊन टाक, आणि ज्या मिस्त्रीच्या हातानं काम झालं त्याला घरी जेवायला बोलाव.

तुझा काका